क्वीन ॲन स्टाइलचा चांदीचा टीसेट, पण बुडाला जहाजाच्या नांगराचा छाप, नक्की कधीचा असेल?

खारीबिस्कीट:

नमस्कार मंडळी, इथे जुन्या चांदीतले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. आम्ही इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो, परवा एका लोकल ऑक्शनमधे तीन नगांचा चांदीचा टीसेट घेतला, टीपॉट, दुधाचा जग आणि साखरेचं भांडं. कॅटलॉगमधे फक्त क्वीन ॲन स्टाइल एवढंच लिहिलेलं, साल वगैरे काही नाही. घरी येऊन शोधलं तर राणी ॲनचा काळ १७०२ ते १७१४ निघाला, आता तीनशे वर्षं जुनी वस्तू असली तर ती आमच्यासारख्यांच्या बजेटमधे कशी बसली हा प्रश्न. नवरा म्हणतो साल दिलेलं नाही यातच काय ते समज.

तिन्ही भांड्यांचा खालचा अर्धा भाग पन्हळीचा आहे, म्हणजे उभ्या खोलगट रेघा शेजारी शेजारी, आणि वरचा अर्धा एकदम गुळगुळीत. टीपॉट लांबट-अंडाकृती, पोट चांगलं मोठं. बुडाला छाप असे आहेत : चालणारा सिंह, नांगर, एक अक्षर, आणि मेकरची दोन अक्षरं. राजाचं किंवा राणीचं डोकं असतं म्हणतात ते कुठेच सापडलं नाही. टीपॉटचं हँडल चांदीचंच आहे आणि त्यात दोन ठिकाणी पांढरट चकत्या बसवल्यात.

तर हे नक्की कधीचं? आणि जुन्या स्टाइलची नक्कल असेल तर त्याला फेक म्हणायचं का?

ऐरण_हातोडी:

नांगर म्हटल्यावर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. नांगर ही बर्मिंगहॅमच्या ॲसे ऑफिसची, म्हणजे चांदी तपासून छाप मारणाऱ्या कचेरीची खूण आणि ते ऑफिस उघडलं १७७३ मधे, शेफिल्डचं पण त्याच वर्षी. राणी ॲन १७१४ लाच गेली, त्यामुळे तिच्या काळाचा प्रश्नच मिटला. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी, ती काळजी नको.

राजाराणीचं डोकं नाही हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते फार कामाचं आहे. १७८४ ते १८९० चांदीच्या वस्तूंवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून त्या वेळच्या राजाचं नाहीतर राणीचं डोकं उमटवायचे. ते नाही म्हणजे एकतर १७७३ ते ८४ मधली किंवा मग १८९० नंतरची वस्तू, आणि तुम्ही जे वर्णन करताय त्यावरून मी डोळे मिटून १८९० नंतरची म्हणेन. अक्षर कुठलं आणि त्याच्या भोवतीची चौकट कशी ते सांगा, नुसतं अक्षर पुरत नाही कारण साधारण पंचवीस वर्षांनी तीच अक्षरं वेगळ्या वळणात परत येतात.

आता खरी गंमत. खरा क्वीन ॲन काळातला टीपॉट म्युझियममधे बघाल तर आधी जाणवतं ते त्याचं लहानपण. चहा तेव्हा इतका महाग की पेटीला कुलूप लावून ठेवायचे, मग भांडं मोठं कशाला करतील. खाली फुगीर, वर निमुळता, कधी आठ बाजूंचा, डोक्यावर घुमटाकार झाकण, लाकडी हँडल, आणि अंगावर नक्षी जवळपास नाहीच, फार तर घराण्याचं चिन्ह कोरलेलं. आणि सेट ही भानगडच नव्हती, जुळणारे टीपॉट-जग-साखरेचं भांडं असं एकत्र घ्यायची पद्धत रुळली ती अठराव्या शतकाच्या शेवटाकडे.

मग तुमच्या सेटवरच्या पन्हळी आल्या कुठून? त्या काळात दोन कानांचे कप असायचे, पॉरिंजर म्हणतात, साधारण १६९० ते १७१५ मधले खूप दिसतात. त्यांच्या खालच्या अर्ध्यावर अशाच पन्हळी ठोकलेल्या असतात, आणि त्यांच्या वर एक पीळदार पट्टा. व्हिक्टोरियन कारखानदारांनी काय केलं, त्या कपाची नक्षी उचलली, आपल्या काळातल्या मोठ्या पोटाच्या टीपॉटवर चढवली, आणि दुकानात नाव दिलं क्वीन ॲन. नक्षी जुनी, भांडं नवं. हे एकदा डोळ्यात बसलं की निम्मी रिव्हायव्हल चांदी, म्हणजे जुन्या स्टाइलमधे नंतर बनवलेली, लांबूनच ओळखता येते.

फेकचं म्हणाल तर नाही, अजिबात नाही. ज्या वर्षी बनवली त्या वर्षाचा छाप मारून उजळ माथ्याने विकलेली वस्तू आहे ती. फेक म्हणजे छाप खोटा मारणं किंवा जुना छाप कापून नव्या वस्तूत बसवणं.

खारीबिस्कीट:

बापरे एवढं सविस्तर, खूप धन्यवाद! लूप, म्हणजे सोनाराचं छोटं भिंग, घेऊन बसले मघाशी. टीपॉटवर आणि साखरेच्या भांड्यावर गॉथिक वळणाचा छोटा डब्ल्यू आहे, दुधाच्या जगवर मात्र त्याच वळणाचा एक्स. मेकरची अक्षरं तिन्हीवर तीच. झाकणाच्या आतल्या बाजूला फक्त सिंह आणि मेकरची अक्षरं आहेत, बाकी छाप नाहीत. जग दुसऱ्या सेटमधला आणून जोडी लावलीये का?

ऐरण_हातोडी:

गॉथिक डब्ल्यू म्हणजे बर्मिंगहॅम १८९६, एक्स म्हणजे १८९७. मेकर एकच आणि वर्ष शेजारचं, त्यात काही वावगं नाही. तिथलं अक्षर जुलैमधे बदलायचं, जानेवारीत नाही, त्यामुळे एकाच ऑर्डरची भांडी वेगवेगळ्या आठवड्यात तपासायला गेली तरी अक्षर बदलू शकतं, शिवाय दुकानदार स्टॉकमधून जुळवून पण द्यायचे. जोडी लावलेली असती तर पन्हळींची रुंदी बघून कळलं असतं, तिन्ही शेजारी ठेवून बघा.

झाकण एकदम बरोबर आहे. सुट्या होणाऱ्या किंवा बिजागरीच्या भागावर सगळे छाप नसतात, थोडे असतात. झाकणावर काहीच नसतं तर मी जास्त विचारात पडलो असतो.

लोणावळ्याची_चिक्की:

मी वाचक फक्त, पण मला एक कळत नाही की १८९० च्या सुमारास सगळ्यांना एकदम दोनशे वर्षांपूर्वीचं का आठवलं?

जुनंपानं:

एकदम नाही आठवलं हो, ते आधीपासून चालू होतं, फक्त दर वीस-तीस वर्षांनी कुठला काळ आठवायचा ते बदलायचं.

पहिली मोठी लाट रोकोकोची. मूळ रोकोको इंग्लंडात १७३० ते ६० च्या आसपास, शिंपले, समुद्राच्या लाटा, वेडीवाकडी पानं, डावी बाजू उजवीशी जुळणार नाही अशी नक्षी, पॉल द लामेरी हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, ह्यूगनॉ घराण्यातला, १६८५ नंतर फ्रान्समधून प्रॉटेस्टंटांना पळावं लागलं त्या लोकांपैकी. मग वास्तुकार रॉबर्ट ॲडमच्या काळात सगळं उलटं झालं, पाँपेई आणि हर्क्युलेनियमच्या उत्खननांमुळे ग्रीक-रोमन आकार आले, कलशासारखे पॉट, फुलांच्या माळा, मण्यांची किनार. आणि ते संपता संपता १८१० ते २० च्या दरम्यान परत लामेरीसारखं करा अशी श्रीमंतांची फर्माइश सुरू. केन्सिंग्टन लुईस नावाचा एक डीलर होता लंडनमधे, तो एडवर्ड फॅरल या कारागिराकडून सतराव्या शतकासारखी दणदणीत भांडी बनवून घ्यायचा आणि ड्यूक ऑफ यॉर्क ती घ्यायचा. ड्यूक १८२७ मधे वारला आणि त्याच वर्षी त्याची चांदी क्रिस्टीजमधे लिलावाला निघाली, कर्जच तेवढं होतं. फॅरलचं काम मला स्वतःला बघवत नाही, एका भांड्यावर इतकी माणसं आणि जनावरं कोंबलीयेत की उचलायचं कुठे धरून हेच कळत नाही, पण हात बाकी जबरदस्त.

पुढे राणी व्हिक्टोरियाच्या पहिल्या वीसेक वर्षांत या रोकोकोचं पार जंगल झालं, वेलीच हँडल, कळीच झाकणाची मूठ. त्याच वेळी प्युजिन नावाचा वास्तुकार बर्मिंगहॅमच्या हार्डमन कारखान्याकडून गॉथिक चर्चची भांडी करून घेत होता. मग सोळाव्या शतकातल्यासारखे मुखवटे आणि पट्टेवाले जग, त्यानंतर ॲडमची माळावाली नक्षी परत, आणि या सगळ्याला कंटाळलेल्या लोकांसाठी १८७० नंतर क्वीन ॲन. घरं बांधणाऱ्यांनी ते नाव आधी चालवलं, लाल विटांची घरं आणि पांढऱ्या खिडक्या, मग त्या घरात शोभेल अशी चांदी.

पण नुसती आवड म्हणून एवढा ढीग तयार होत नाही, पैशाचं गणित पण आहे त्यात. १८७० नंतर चांदीचा भाव घसरत गेला आणि १८९० मधे तो कर रद्द झाला, औंसाला दीड शिलिंग होता. बर्मिंगहॅम आणि शेफिल्डमधे पत्रा लाटायची मशिनं आणि ठशात दाबून आकार काढायचे प्रेस तयारच होते. त्यामुळे जी वस्तू आजोबांना परवडली नसती ती आता शाळामास्तर आणि दुकानदार लग्नात द्यायला लागले. या लोकांना घराण्याची जुनी चांदी नव्हती, मग जुनी दिसणारी तरी हवी.

साधीसुधी:

इतकं छान लिहिताय सगळे पण मला एक बोलू द्या, वाईट वाटून घेऊ नका खारीबिस्कीटताई. मला हे १८९० चे अर्ध्या पन्हळीचे सेट बघवत नाहीत. पेशवाई पगडी घालून लोकल पकडल्यासारखं दिसतं ते. पन्हळ का असायची मूळ कपावर? पत्रा पातळ असायचा, पन्हळ ठोकली की त्याला ताकद यायची, शिवाय हातात धरल्यावर बोटं तिथे बसायची. टीपॉटवर त्याचं काय काम? नुसतं दाखवायला. माझ्या मते त्याच पैशात एखादा खरा १७३० चा चमचा घ्यावा, एकच घ्या पण खरा घ्या.

आणि व्हिक्टोरियन लोकांनी मूळ वस्तू नीट बघितल्याच नसणार, नाहीतर असं केलं नसतं.

जुनंपानं:

ताई, आवडीबद्दल वाद नाही, पण बघितल्या नसणार हे पटत नाही. उलट त्यांच्याइतकं जुनं कुणी बघितलं नव्हतं त्याआधी. १८५० च्या दशकात ऑक्टेव्हियस मॉर्गनने लंडनच्या सालाच्या अक्षरांचे तक्ते छापले, तोपर्यंत छापावरून साल काढणं हे फक्त कारखान्याच्या लोकांचं काम होतं. १८६२ ला साउथ केन्सिंग्टनला मोठं प्रदर्शन झालं, सरदार घराण्यांनी आणि कॉलेजांनी आपापली जुनी चांदी तिथे मांडायला दिली. आणि एल्किंग्टन कंपनीने तर विजेने मुलामा चढवायची आपली युक्ती वापरून जुन्या भांड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती काढायला सुरुवात केली, १८८० मधे त्यांची माणसं रशियात जाऊन क्रेमलिनमधली इंग्लिश चांदी साच्यात घेऊन आली. क्रेमलिनमधे का, तर ट्यूडर आणि स्टुअर्ट काळात झारला भेट दिलेली भांडी तिथे वाचली, इंग्लंडातली बहुतेक १६४० च्या दशकात यादवी युद्धाच्या खर्चासाठी वितळवून नाणी पाडली होती. त्या प्रतिकृती आजही लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममधे आहेत.

तर बघून, समजून, आणि तरी त्यांनी हवं तसं केलं. गिऱ्हाइकाला सहा माणसांना पुरेल असा टीपॉट हवा होता, चिमुकला नको होता.

साधीसुधी:

क्रेमलिनचं माहीत नव्हतं, भारी आहे हे. पण माझं मत तेच.

ऐरण_हातोडी:

साधीसुधी, मला पण सगळीच रिव्हायव्हल चांदी आवडते असं नाही, पण सरसकट नको करूया. १९०० ते १९३० च्या दरम्यान लंडनमधे क्रायटन ब्रदर्ससारखे लोक जी क्वीन ॲन पद्धतीची भांडी करायचे ती जाड पत्र्याची, हाताने ठोकलेली, वजनाला मूळपेक्षा जड भरतील अशी. यातली काही मुद्दाम ब्रिटानिया दर्जाच्या चांदीत असतात. इथे नवखे लोक हमखास अडकतात बरं का. १६९७ ते १७२० इंग्लंडात चांदीची भांडी ९५८ च्या ब्रिटानिया दर्जाचीच करायचा कायदा होता, कारण स्टर्लिंगची नाणी वितळवून भांडी बनत होती ती थांबवायची होती. त्यामुळे ब्रिटानियाचा, म्हणजे बसलेल्या बाईचा छाप दिसला की लोक नाचायला लागतात, सतराशेचं सापडलं म्हणून. पण १७२० नंतर तो दर्जा बंद नाही झाला, ऐच्छिक झाला. सालाचं अक्षर बघितल्याशिवाय बाईवर विश्वास ठेवायचा नाही.

आणि भांड्याचा प्रकारच साल सांगतो कधीकधी. एडवर्डियन काळात उंदीरशेपटी चमच्यांचे मोठमोठे कॅन्टीन (चमचे-काटे-सुऱ्यांचे पेटीतले सेट) बनले, म्हणजे चमच्याच्या पाठीवर दांड्यापासून निघून वाटीवर निमुळती होत जाणारी ती शिर असते ना, मूळ १७०० च्या आगेमागे पत्रा जोडला तिथे बळकटी यावी म्हणून असायची. नंतरच्या सेटमधे शिर आहे पण काटे चार दातांचे, राणी ॲनच्या वेळी तीन दातांचे असायचे. आणि त्याच सेटमधे माशाच्या सुऱ्या! माशाची वेगळी सुरी-काटा ही एकोणिसाव्या शतकातली टूम, राणी ॲनने ते बघितले पण नसतील. मॉन्टीथचं तसंच, मूळ १६८० च्या दशकात आलेलं, काठाला खाचा असलेलं मोठं भांडं, वाइनचे ग्लास खाचेत पाय अडकवून थंड पाण्यात उलटे सोडायचे. व्हिक्टोरियन लोकांनी तेच केलं पण गुलाब ठेवायला आणि घोड्यांच्या शर्यतीत बक्षीस द्यायला.

ज्यांना वाटतं की हातोडीच्या खुणा म्हणजे अस्सल जुनं, त्यांच्यासाठी पण एक. ओमर रॅम्सडेन वगैरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चांदी कारागिरांच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके मुद्दाम ठेवलेले दिसतात, मध्ययुगाचा भास यावा म्हणून. मध्ययुगातल्या कारागिराने ते ठोके घासून गुळगुळीत केल्याशिवाय काम मालकाला दाखवलंच नसतं.

डबलडेकर:

मधेच घुसतोय. आमच्या शेजारच्या आजींनी इथून घर हलवताना एक जांभळ्या मखमलीचा डबा दिला, त्यात बारा छोटे चमचे, प्रत्येकाच्या टोकाला दाढीवाला माणूस उभा. अपॉसल स्पून्स म्हणतात असं कळलं. एका दुकानात दाखवले तर तो म्हणाला ट्यूडर काळातले असू शकतात, ठेवून जा बघतो. मी नाही ठेवले. हे पण रिव्हायव्हलच का?

जुनंपानं:

ठेवले नाहीत ते उत्तम केलंत. डबलडेकर, छोटे म्हणजे चहाच्या चमच्याएवढे असतील तर विषय संपला, मूळ अपॉसल चमचे मोठे असतात. पंधराव्या ते सतराव्या शतकातली वस्तू ती, बाप्तिस्म्याला भेट द्यायचे, पूर्ण सेट म्हणजे बारा शिष्य आणि एक येशू असे तेरा. वाटी अंजिराच्या आकाराची, दांडा सहा बाजूंचा आणि बारीक, माणूस वेगळा ओतून दांड्यावर झाळून बसवलेला, बरेचदा त्याच्यावर सोन्याचा मुलामा. आणि लंडनचा असेल तर बिबट्याचं तोंड वाटीच्या आत, दांड्याजवळ, बाकीचे छाप दांड्याच्या पाठीवर. वाटीत तोंड शोधा आधी.

१८८० च्या पुढे याचे हजारो चहाचे सेट निघाले, मखमली डब्यासकट, साखरेचा चिमटा पण असतो कधीकधी. त्यांचे सगळे छाप दांड्यावर एका जागी असतात. छान असतात, वापरा.

मोठ्या चमच्यांबाबत मात्र सावध राहा, तुमचा प्रश्न नाहीये तो पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. अठराव्या शतकातला साधा टेबलस्पून घ्यायचा, टोक कापायचं, दांडा घासून बारीक करायचा, वाटी ठोकून अंजिराच्या आकारात आणायची आणि वर शिष्य बसवायचा, हा उद्योग झालेला आहे. छाप खरेच असतात, म्हणून लोक फसतात. पण ते चारही दांड्यावर असतात, वाटी कोरी.

बेरीबेरी:

याच्याशीच जोडून एक. फळांची नक्षी असलेले सोनेरी वाटीचे मोठे चमचे दिसतात ना, बेरी स्पून म्हणून विकतात, त्यांच्यावर जॉर्जियन छाप असतात, १७९० वगैरे. तेव्हाचेच का?

ऐरण_हातोडी:

चमचा तेव्हाचा, नक्षी नंतरची. साधा गुळगुळीत टेबलस्पून होता, व्हिक्टोरियन काळात कुणीतरी वाटीत द्राक्षं आणि पेअर ठोकून काढले, दांड्यावर वेल कोरली, वाटीला सोन्याचा मुलामा दिला आणि डब्यात घालून भेट म्हणून विकला. हे मला खरं टोचतं. नव्या भांड्याला जुनी नक्षी दिली तर कुणाचं काही जात नाही, पण जुन्या भांड्यावर नक्षी चढवली की ते गेलं. १७२० चे साधे टँकार्ड (बिअरचे मोठे कानाचे पेले) आणि कॉफीपॉट एकोणिसाव्या शतकात फुलापानांनी भरून टाकलेले ढिगाने आहेत, कारण साधं म्हणजे दरिद्री दिसतं असं वाटायचं तेव्हा.

ओळखायचं कसं, तर छापांपाशी बघा. ठोकताना फुलाची पाकळी छापावर चढलेली असते, किंवा छाप ताणला जाऊन सिंहाचं अंग वाकडं दिसतं. आधी नक्षी असती तर छाप मारणाऱ्याने मोकळी जागा बघून मारला असता. आणि तारीख जुळवा, छाप १७२० चा आणि नक्षी गुलाबांच्या गुच्छांची, असं जुळतच नाही.

नुसती नक्षी वाढवणं कायद्यात बसतं. टँकार्डला तोटी लावून जग केला तर नाही बसत, त्या नव्या भागाची तपासणी होऊन छाप लागल्याशिवाय तो विकता येत नाही, १८४४ च्या कायद्यातही हे होतं आणि आत्ताच्या १९७३ च्या हॉलमार्किंग ॲक्टमधेही आहे. संशय आला तर लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीची, म्हणजे सोनार-चांदीकारांच्या जुन्या संस्थेची, अँटिक प्लेट कमिटी आहे, ती अशा वस्तू तपासते.

कागदपत्रं_नीट_ठेवा:

सगळे नक्षीवर बोलताय पण त्या पांढऱ्या चकत्यांचं कुणीच काही लिहिलं नाही. खारीबिस्कीट, चांदीचं हँडल चहाने तापतं म्हणून मधे उष्णता अडवायला त्या बसवतात आणि १८९६ मधे त्या बहुतेक हस्तिदंताच्या असायच्या. वापरायला, जवळ ठेवायला काहीच अडचण नाही. पण विकायचं ठरवलंत तर इकडे आयव्हरी ॲक्ट २०१८ आहे, जून २०२२ पासून लागू झाला, हस्तिदंताची विक्री जवळजवळ बंद. तुमच्यासारख्या वस्तूला सूट मिळते, म्हणजे ३ मार्च १९४७ च्या आधीची आणि एकूण आकारमानाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असलेली, पण विकण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, फी २० पौंड, नवीन मालकाने परत विकायचं तर त्याने वेगळी करायची. ऑक्शनवाल्यांनी तुम्हाला नोंदणीचा नंबर दिला का ते पावतीवर बघा. दिला नसेल तर फोन करून विचारा, घेणारा म्हणून तुम्हालाही ते लागतं.

हाड असेल तर यातलं काही लागू नाही. लूपखाली बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा दिसल्या तर हाड, हस्तिदंतात तसे ठिपके नसतात.

खारीबिस्कीट:

बघितलं लगेच. ठिपके नाहीत, एकदम फिकट समांतर रेषा आहेत पिवळट रंगात. पावतीवर नोंदणीचा नंबर आहे, आधी लक्षच गेलं नव्हतं माझं! विकायचा विचार नाहीये, वापरायचाच आहे. साधीसुधीताई, पगडीवरून नवरा अजून हसतोय.

शेवटचं एक विचारते, टीपॉटच्या एका बाजूला गुळगुळीत भागावर कुणाची तरी अक्षरं कोरलीयेत, एकमेकांत गुंतलेली. ती सोनाराकडून काढून घेतली तर बरं दिसेल का? आणि डिशवॉशरमधे चालतं का?

ऐरण_हातोडी:

डिशवॉशर अजिबात नाही, चकत्या तडकतील आणि चांदीवर जे पांढुरकं चढतं ते निघता निघत नाही. कोमट पाणी, साधा साबण, लगेच पुसून कोरडं.

अक्षरं काढू नका. काढायची म्हणजे तिथला पत्रा घासूनच काढावी लागतात आणि १८९६ चा बर्मिंगहॅमचा पत्रा आधीच फार जाड नसतो, नंतर अंगठ्याने दाबलं तरी तिथे पोचा पडतो. उलट तुम्हीच एक बघा, दुसऱ्या बाजूला त्याच जागी कुणी आधी काही घासून काढलंय का. भांडं गार असताना त्या भागावर तोंडाने वाफ सोडा आणि तिरप्या उजेडात धरा, जुन्या कोरीव रेघा किंवा ठिगळ लावून झाळलेली कड असेल तर वाफ उडता उडता दिसते. बोटांच्या चिमटीत धरून दोन्ही बाजूंची जाडी पण चाचपून बघा, एक बाजू मऊ लागली तर फोटो टाका इथे.